यूईएफआयवाल्या व्हीएम नेटवर्कवरून बूटच होईनात, बायोसवाल्या मात्र होतात

भट्टीशेजारचा_आयटीवाला

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत आयटी बघतो. बघतो म्हणजे एकटाच, सीसीटीव्हीपासून पगारपत्रकापर्यंत सगळं माझ्याच गळ्यात. सर्व्हर रूम म्हणजे पॅटर्न शॉपच्या मागची केबिन. महिन्यातनं एकदा ब्लोअर मारला नाही तर पंख्यांवर काळ्या वाळूचा थर बसतो. हे आधीच सांगतो, म्हणजे "डेटासेंटरवाल्यांना विचारा" असं कुणी लिहायला नको.

प्रॉक्समॉक्सचे (एका सर्व्हरवर अनेक व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) दोन होस्ट आहेत. नवीन व्हीएम लागली की मी आयएसओ जोडत बसत नाही. रिकामी डिस्क द्यायची, नेटवर्कवरून बूट करायची, डीएनएसमास्क आयपी आणि बूट फाइल देतं, डेबियन आपोआप बसतं. दोन वर्षं हे गुमान चाललंय. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी दोन्ही होस्ट अपग्रेड केले आणि दुसऱ्या दिवशी पाच नव्या व्हीएम काढायला बसलो, तर एकही उठंना. पाचही यूईएफआयवाल्या, म्हणजे नव्या पद्धतीच्या फर्मवेअरच्या (मशीन चालू करणारा मूळ प्रोग्राम); जुनी पद्धत म्हणजे बायोस.

स्क्रीनवर फर्मवेअरचा लोगो येतो, दोन सेकंदात "बूट करण्याजोगं काही सापडलं नाही" आणि खेळ खल्लास. नेटवर्क बूटचे (पीएक्सईचे) एरर कोड म्हणाल तर पीएक्सई-ई१६ नाही, ई१८ नाही, काहीच नाही. एरर तरी आला असता तर शोधता आलं असतं की ओ.

केलेले उद्योग सांगतो. केबल बदलली. ब्रिजवरची (होस्टच्या आतला व्हर्च्युअल स्विच) फायरवॉल बंद केली. टीएफटीपी (बूट फाइल पाठवणारी सेवा) लॅपटॉपवरून तपासलं, फाइल येते. डीएनएसमास्क रीस्टार्ट केलं, लॉग बघत बसलो, पण या व्हीएमच्या मॅक पत्त्याचं नावनिशाण नाही. शेवटी वैतागून एक जुनी सीबायोसवाली (व्हीएममधलं बायोस) व्हीएम त्याच ब्रिजवर, त्याच व्हीलॅनमध्ये चालू केली, तर ती पहिल्या फटक्यात बूट झाली! म्हणजे नेटवर्क ठीक आहे असं म्हणावं, तर यूईएफआयवाल्या का नाही? डोकं चालंना.

यूईएफआय सोडून दे म्हणू नका. पाचातल्या दोनांवर विंडोज ११ बसवायचंय, त्याला यूईएफआय लागतं.

राजारामपुरी_नववी_गल्ली

भावा, बूट फाइल बघ. बायोसला पीएक्सईलिनक्स.० चालतं, यूईएफआयला ते चालत नाही, .ईएफआय फाइलच लागते. डीएचसीपीच्या (आयपी वाटणारी सेवा, तुझ्याकडे डीएनएसमास्क) ऑप्शन ६७ मध्ये एकच नाव ठोकून ठेवलं असशील तर हेच होणार. ऑप्शन ९३ मध्ये क्लायंट आपला प्रकार सांगतो, ० म्हणजे बायोस, ७ म्हणजे ६४ बिट यूईएफआय. त्यावरून टॅग लाव आणि दोघांना वेगवेगळी फाइल दे. माझं हेच झालं होतं, दोन दिवस वाया गेले.

भट्टीशेजारचा_आयटीवाला

टॅग पहिल्यापासून लावलेत दादा. आणि फाइल चुकीची असती तर निदान डिस्कव्हर (व्हीएमनं आयपी मागणारा पहिला संदेश) तरी दिसला असता. इथं गडी दारावर टकटकच करंना.

गोकुळ_शिरगावकर

स्विचवर पोर्टफास्ट लावलंय का? स्पॅनिंग ट्रीमुळे (नेटवर्कमधले फेरे टाळणारी सोय) पोर्ट चालू व्हायला ३० सेकंद लागतात, तोवर पीएक्सईचा वेळ संपतो; पोर्टफास्टनं ही वाट बघणं टळतं.

लॅबवाले_काका

गोकुळ शिरगावकर, तुमचं उत्तर खऱ्या पीसीसाठी बरोबर आहे. पीसी चालू झाला की स्विचचा पोर्ट नव्याने उठतो. व्हीएमच्या बाबतीत स्विचला जोडलेला असतो तो होस्ट, आणि त्याचा पोर्ट केव्हाचा चालू आहे. होस्टच्या आतल्या लिनक्स ब्रिजवर कुणी स्पॅनिंग ट्री लावून फॉरवर्ड डिले ठेवला असेल तरच हा प्रकार होतो, आणि तसं असतं तर बायोसवालीलाही त्रास झाला असता.

भट्टीवाल्या, मी कॉलेजच्या लॅबमध्ये हेच धंदे करतो, दर सेमिस्टरला साठ व्हीएम. माझी एक सवय सांगतो. नेटवर्क बूट अडलं की "का अडलं" हे नंतर, आधी "कुठवर पोचलं" ते बघायचं. डिस्कव्हर निघाला का, ऑफर आली का, टीएफटीपीनं फाइल मागितली का, फाइल आल्यावर चालली का. तू शेवटच्या टोकाला, डीएनएसमास्कपाशी बसून वाट बघतोयस. उलट्या टोकाला जा. टीसीपीडंप (जाणारी-येणारी पॅकेटं दाखवणारं साधन) थेट व्हीएमच्या टॅपवर (होस्टवरचं तिचं व्हर्च्युअल टोक) लाव, डीएचसीपीचे पोर्ट ६७ आणि ६८.

एक अडचण येईल. टॅप व्हीएम चालू झाल्यावरच तयार होतो, आणि तुझा खेळ दोन सेकंदांत संपतो. म्हणून व्हीएम चालू करतानाच एस्केप दाबून फर्मवेअरच्या मेनूत थांब. मग निवांत टीसीपीडंप लाव, आणि बूट मॅनेजरमधून पीएक्सईची ओळ हातानं निवड. काय दिसतं ते लिही. अंदाजानं नको.

भट्टीशेजारचा_आयटीवाला

काका, उशीर झाला, मेल्टिंग सुरू झालं की आमचा यूपीएस कोकलायला लागतो, तिकडं पळालो होतो.

तुम्ही सांगितलं तसं केलं. टॅप१०४आय० वर टीसीपीडंप लावला, मेनूत गेलो, बूट मॅनेजर उघडला, आणि तिथं पीएक्सईची ओळच नाही! डिस्क आहे, डीव्हीडी आहे, शेल आहे. नेटवर्कचा पत्ताच नाही. हार्डवेअरमध्ये व्हर्टआयओचं नेटवर्क कार्ड दिसतंय, मॅक बीसी:२४:११ नं सुरू होणारा, बूट ऑर्डरमध्ये ते पहिलं. ई१००० हे दुसऱ्या प्रकारचं कार्ड लावून बघितलं, तरी तेच. चार दिवस मी डीएचसीपीच्या नावानं बोटं मोडत होतो, त्याला बिचाऱ्याला कुणी काही विचारलंच नव्हतं.

लॅबवाले_काका

मग नेटवर्कवाल्यांना सुट्टी दे. हे फर्मवेअरचं आहे, आणि बहुतेक मला माहीत आहे काय ते. व्हीएमला आरएनजी (रँडम आकडे देणारं) डिव्हाइस दिलंय का? आणि सीपीयू टाइप काय ठेवलाय?

कारण सांगतो, थोडं लांबेल. जानेवारी २०२४ मध्ये पिक्सीफेल नावानं ९ सुरक्षा त्रुटी जाहीर झाल्या. त्या ईडीके-२ च्या (यूईएफआयचा खुला मूळ कोड) नेटवर्क स्टॅकमध्ये होत्या, म्हणजे तुझं ओव्हीएमएफ (व्हीएममधलं यूईएफआय फर्मवेअर) ज्यावर उभं आहे त्याच कोडमध्ये. त्यातली एक तक्रार अशी की हा कोड आकडे नीट यादृच्छिक काढतच नाही, बाहेरच्याला ओळखता येतील असे काढतो. ती दुरुस्त केल्यावर नेटवर्क स्टॅकला रँडम आकड्यांचा खरा स्रोत लागायला लागला. तो मिळाला नाही तर स्टॅक उभाच राहत नाही, आणि स्टॅक नाही म्हणून बूट मॅनेजरमध्ये पीएक्सईची ओळ नाही. एरर देत नाही, गपचूप बाजूला होतो. मला विचारशील तर ही वाईट खोड आहे, पण आहे.

सीबायोसवर नेटवर्क बूट होतं ते आयपीएक्सईच्या (नेटवर्क बूट करणारा वेगळा प्रोग्राम) रॉममधून. त्याचा या कोडशी संबंध नाही, म्हणून तुझी जुनी व्हीएम मजेत आहे.

स्रोत दोन ठिकाणांहून मिळू शकतो. एक, सीपीयूची आरडीरँड सूचना. ती इंटेलमध्ये २०१२ च्या आयव्ही ब्रिजपासून आहे, पण तुझ्या होस्टमध्ये असली तरी एक्स८६-६४-व्ही२-एईएस हा टाइप ती व्हीएमला दाखवत नाही. टाइप "होस्ट" केला तर दिसते, पण दोन होस्टचे प्रोसेसर वेगळे असतील तर चालत्या व्हीएमचं मायग्रेशन अडचणीत येईल. दुसरं आणि सोपं: हार्डवेअर, अ‍ॅड, व्हर्टआयओ आरएनजी, स्रोत डेव्ह-यूरँडम. मग रीसेट नको, पूर्ण बंद करून चालू कर, नाहीतर नवं डिव्हाइस लागतच नाही आणि पुन्हा इथं येऊन रडशील.

भट्टीशेजारचा_आयटीवाला

काका!! पाचही व्हीएमना आरएनजी जोडलं, बंद करून चालू केल्या, आणि "स्टार्ट पीएक्सई ओव्हर आयपीव्ही४" ही ओळ बघून मी केबिनमध्ये एकट्यानंच टाळी वाजवली. सीपीयू टाइप तुम्ही म्हणाला तोच होता. दोन होस्ट वेगवेगळ्या वर्षांचे आहेत, त्यामुळे त्याला हात लावला नाही.

तीन उठल्या. विंडोजसाठी ठेवलेल्या दोघींनी फाइल घेतली आणि "ॲक्सेस डिनाइड" म्हणून तोंड फिरवलं. पण या वेळी तुमची सवय उचलली. डिस्कव्हर निघाला, ऑफर आली, फाइल आली, म्हणजे चौथ्या पायरीवर अडलंय. या दोघींची ईएफआय डिस्क बनवताना मी आधीच नोंदवलेल्या कीजवर टिक ठेवली होती, म्हणजे सिक्युअर बूट (मान्य सही असलेलीच फाइल चालू देणारी सोय) चालू. आणि मी देतोय ती आयपीएक्सईची फाइल मी स्वतः कंपाइल केलेली, तिच्यावर सही कुणाची असणार, माझ्या आजोबांची?

आता बूट फाइल म्हणून शिम (मायक्रोसॉफ्टची सही असलेला छोटा लोडर) देतोय आणि त्याच फोल्डरात डेबियनचं सही असलेलं ग्रब (पुढचा बूटलोडर) ठेवलंय. शिम ते टीएफटीपीवरून स्वतःच मागून घेतं. डेबियनचा इन्स्टॉलर वर आला, म्हणजे साखळी ठीक. विंडोज या वाटेनं नेणार नाही, ते आयएसओनंच बसवतो. तेवढ्यासाठी अजून एक सर्व्हर कोण सांभाळणार.

गोकुळ_शिरगावकर

चर्चा चालूच आहे तर माझंही एक. आमच्याकडे हायपर-व्ही (मायक्रोसॉफ्टचं, प्रॉक्समॉक्ससारखंच) आहे, जनरेशन १ ची, म्हणजे बायोसवाली व्हीएम. नेटवर्क ॲडॉप्टर जोडलंय तरी पीएक्सई दिसत नाही. तिथंही आरएनजीचं लफडं का?

लॅबवाले_काका

नाही, ते निराळं. जनरेशन १ मध्ये साधं नेटवर्क ॲडॉप्टर पीएक्सई करत नाही, लेगसी नेटवर्क ॲडॉप्टर वेगळं जोडावं लागतं. इन्स्टॉल झालं की ते काढून साधं लावा, लेगसीवाला १०० एमबीपीएसचा आहे. नवीनच करत असाल तर जनरेशन २ (यूईएफआयवाली) घ्या, तिथं साध्यावरूनच होतं. लिनक्स टाकणार असाल तर सिक्युअर बूटचा टेम्प्लेट मायक्रोसॉफ्ट विंडोजवरून मायक्रोसॉफ्ट यूईएफआय सर्टिफिकेट अथॉरिटीवर बदला, नाहीतर भट्टीवाल्यासारखं चौथ्या पायरीवर अडकाल.

भट्टीशेजारचा_आयटीवाला

काका, कधी शिरोलीकडं आलात तर कळवा, मिसळ माझ्याकडून. केबिनमध्ये बोलवत नाही, पांढरा शर्ट असला तर पंचाईत होईल.