मदत हवी आहे: मामाच्या जोडीदाराला ९/११ निधीची भरपाई मिळावी म्हणून

नमस्कार मंडळी. न्यूयॉर्ककडच्या कुणाला वारसाच्या कागदपत्रांचा अनुभव असेल तर कृपया वाचा.

माझा मामा क्वीन्समध्ये राहायचा. २००१ साली त्याचं ऑफिस वॉल स्ट्रीटजवळ होतं. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यात (९/११) जवळचे जुळे मनोरे कोसळले. १७ सप्टेंबरला शेअर बाजार पुन्हा उघडला, त्या दिवसापासून तो रोज त्या धुळीत कामाला गेला. टेबल पुसलं की तासाभरात परत राखाडी थर, असं सांगायचा. गेल्या वर्षी अन्ननलिकेच्या कर्करोगाने तो गेला. आजाराचा ९/११शी संबंध तिथल्या आरोग्य योजनेने मान्य केला होता, पण भरपाई निधीत नाव नोंदवायचं राहिलं.

त्याचा जोडीदार पोर्तो रिकोचा. दोघं २६ वर्षं एकत्र राहिले. आम्ही भाचरं त्यालाही मामाच म्हणतो. शेवटचे आठ महिने त्याने नोकरी सोडून मामाचं सगळं केलं. न्यूयॉर्कमध्ये २०११ पासून लग्न करता येत होतं, यांनी केलं नाही. आजीला कळेल ही मामाला धास्ती. आजीला कधीचंच ठाऊक होतं. मायलेक एकमेकांशी बोलले असते तर, हे मनातून जात नाही.

मृत्युपत्र नाही. म्हणजे तिथल्या कायद्याने वारस एकटी आई, वाईला राहणारी माझी ८४ वर्षांची आजी. ती म्हणते, "माझ्या लेकाचं ज्याने केलं, त्याला मिळू दे." घरात कुणाचा विरोध नाही.

अर्जासाठी सरोगेट कोर्टाने (वारसाहक्काची प्रकरणं बघणारं तिथलं कोर्ट) नेमलेला प्रतिनिधी लागतो. आजीच्या लेखी संमतीवर कोर्ट जोडीदाराला नेमतं का? आणि नेमलं तरी पैसे वारसालाच द्यावे लागतात का? आजीने हक्क सोडला तर तो माझ्या आईकडे आणि मावशीकडे येतो, त्याच्याकडे नाही, असं एका वकीलबाईंनी सांगितलं.

वाट निघू शकते असं मला वाटतं, कारण पूर्वी निघाली आहे. ऑक्टोबर २००१ मध्येच न्यूयॉर्कचे तेव्हाचे गव्हर्नर पटाकी यांनी आदेश काढून राज्याच्या गुन्हेपीडित मदतीत समलिंगी जोडीदारांना सामावून घेतलं. अग्निशमन दलाचे धर्मगुरू मायकल जज यांच्या नावाचा २००२ चा कायदा झाला, तेव्हा कर्तव्यावर गेलेल्या पोलीस-अग्निशमन कर्मचाऱ्याला पती, पत्नी किंवा मुलं नसतील, तर त्याच्या विमा पॉलिसीत नाव असलेल्याला केंद्राची मदत मिळू लागली. केनेथ फाइनबर्ग यांनी सांभाळलेल्या पहिल्या ९/११ भरपाई निधीतूनही काही जोडीदारांना भरपाई मिळाली. आताच्या निधीत मृत्यूसाठी अडीच लाख डॉलर, शिवाय पती किंवा पत्नी आणि प्रत्येक अवलंबितामागे आणखी एक लाख. जोडीदाराला अवलंबित दाखवता येतं का? जोडखातं, भाडेकरार, इस्पितळाच्या फॉर्मवरचं नाव, एवढं हाताशी आहे.

शेवटचं, पण आम्हाला सगळ्यात घाईचं. आजीला गुडघ्यांमुळे मुंबईला अमेरिकी वकिलातीत नेणं अशक्य आहे. वाईत नोटरी करून मंत्रालयातून पुढे अपोस्टिल (परदेशात चालावं म्हणून कागदावर मिळणारं सरकारी प्रमाणन) केलेली सही तिथल्या कोर्टात चालली, असा कुणाचा अनुभव आहे का? नोंदणीला मृत्यूपासून दोन वर्षांची मुदत आहे, त्यातले अकरा महिने उरलेत. इथे लिहायचं नसेल तर व्यनि करा.