जनुक अहवालात ‘स्निग्ध पदार्थांची ओढ जास्त’ असं आलं, तर तेल-तुपाचं माप बदलायचं का?

कूटकैरी (धागाकर्ता)

थुंकीच्या नमुन्यावरून आहार सुचवणाऱ्या अहवालांत हल्ली स्निग्ध पदार्थांसाठी एक वेगळं पान असतं. समजा त्यावर असं लिहिलंय (जनुकाचं नाव, कंसात त्यातल्या जागेचा क्रमांक, पुढे तिथली दोन अक्षरं): सीडी३६ (आरएस१७६१६६७) ए-ए, एपीओए२ (आरएस५०८२) सी-सी, एफटीओ (आरएस९९३९६०९) ए-टी, एपीओई ई३-ई४. खाली लाल अक्षरांत शेरा: ‘स्निग्ध पदार्थांची ओढ जास्त, पचन मंद, तूप बंद करा.’

आवड आणि पचन ही दोन्ही याच जनुकांवर ठरतात का? चारांतलं कुठलं खरोखर मनावर घ्यायचं? आणि चार माणसांच्या स्वयंपाकात याचा अर्थ काय, म्हणजे किती तेल, आणि करडई, सूर्यफूल की शेंगदाणा? ‘सगळं थोतांड आहे’ किंवा ‘डॉक्टरांना विचारा’ एवढंच लिहायचं असेल तर कृपया राहू द्या.

---

जिभेचाउंबरठा

फक्त चवीपुरतं लिहितो. जीभ आणि रक्त ही दोन वेगळी खाती आहेत. अहवालवाले ती एका पानावर कोंबतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

सीडी३६ हे प्रथिन जिभेवरच्या स्वादकलिकांत असतं आणि लांब साखळीची मेदाम्लं पकडतं. आरएस१७६१६६७ या जागी ‘ए’ असेल तर ते कमी बनतं. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या २०१२च्या अभ्यासात जी-जी लोकांना जेवढं ओलेइक आम्ल जाणवलं, त्याच्या सुमारे ८ पट ए-ए लोकांना लागलं. अभ्यास छोटा होता, २१ लठ्ठ व्यक्तींचा. आता नीट बघा: ए-ए म्हणजे जाण कमी. त्यावरून ‘ओढ जास्त’ ही उडी अहवालवाल्यांनी मारलेली आहे. त्याच वर्षी आफ्रिकन-अमेरिकन प्रौढांना ५, ३५ आणि ५५ टक्के तेल घातलेली सॅलड ड्रेसिंगं चाखायला दिली, तेव्हा ए-ए लोकांना सगळीच जास्त दाट, सायीसारखी वाटली. म्हणजे एका चाचणीत जाण मंद आणि दुसरीत साय जास्त. यातून कुणाच्या ताटातलं तूप ठरवणं धाडसाचं आहे.

घरी तपासायची हौस असेल तर आधी खरी चाचणी कशी असते ते वाचा. तीन पेल्यांपैकी एकातच मेदाम्ल असतं आणि वेगळा पेला ओळखायचा असतो. नाकाला चिमटा लावतात, रंग कळू नये म्हणून लाल दिवा लावतात आणि तिन्ही पेल्यांत डिंकासारखं काहीतरी घालून दाटपणा सारखा करतात. बरोबर ओळखलं की प्रमाण कमी, चुकलं की जास्त. वाटीत तूप घालून डोळे मिटल्याने यातलं काहीच साधत नाही, कारण कढवलेल्या तुपाचा वास नाकाने कळतो आणि मऊपणा टाळूला.

शिवाय तूप म्हणजे जवळपास सगळं ट्रायग्लिसराइड, म्हणजे तीन-तीन मेदाम्लं एकत्र बांधलेला स्निग्धांश. स्वादकलिका पकडतात ती त्यातून सुटलेली मोकळी मेदाम्लं. तोंडातलं लायपेज हे विकर ती जराशी सोडवतं. हे लायपेज ऑर्लिस्टॅट या औषधाने अडवलं की लोकांची ओळखण्याची क्षमता घसरते. गंमत म्हणजे या मोकळ्या मेदाम्लांची निव्वळ चव वाईटच लागते. २०१५मध्ये पर्ड्यू विद्यापीठातल्या रिचर्ड मॅट्स यांच्या गटाने तिला ‘ओलिओगस्टस’ असं नाव दिलं. आपल्याकडे तिला साधा शब्द आहे, खवट. पुरणपोळीवरच्या तुपात जे आवडतं ते वास आणि मऊपणा. सीडी३६ त्याबद्दल फारसं बोलतच नाही.

हा उंबरठा हलतोसुद्धा. ४ ते ६ आठवडे कमी तेलाचं जेवण घेतल्यावर जीभ तीक्ष्ण होते. जनुक तेच, चाचणीचा निकाल वेगळा.

‘ओढ’ दाखवणारं खरं जनुक एमसी४आर. केंब्रिजमध्ये सदफ फारूकी यांच्या गटाने २०१६मध्ये चिकन कोर्मा तीन प्रकारे शिजवला: ऊर्जेपैकी २०, ४० आणि ६० टक्के भाग स्निग्धांशातून. रूप आणि चव मुद्दाम सारखी ठेवलेली. तिन्ही चाखायला देऊन मग हवा तेवढा खायला दिला. ज्यांचं एमसी४आर बिघडलेलं होतं त्यांनी सगळ्यांत तुपकट कोर्मा सडपातळ लोकांच्या जवळजवळ दुप्पट खाल्ला आणि इतर लठ्ठ लोकांपेक्षा ६५ टक्के जास्त. कुठला कोणता हे कुणालाच ओळखता येत नव्हतं आणि एकूण जेवणही सगळ्यांचं सारखंच होतं. जिभेला पत्ता नव्हता, मेंदू मात्र मोजत होता. गोड पदार्थात गणित उलटलं, जास्त साखरेचा प्रकार याच लोकांना कमी आवडला.

असा बिघाड लठ्ठ व्यक्तींपैकी साधारण १०० मागे एकात असतो. अगदी लहानपणापासूनचं वजन, न शमणारी भूक, वयाच्या मानाने जास्त उंची अशी त्याची लक्षणं. थुंकीच्या चाचणीतल्या जनुक-चिपवर दिसतो तो सहसा या जनुकाशेजारचा एक सर्रास आढळणारा फरक. तो ‘सदोष’ आला म्हणजे एमसी४आर बिघडलं असं नाही. बिघाड शोधायचा तर ते जनुक पूर्ण वाचून घ्यावं लागतं.

---

लिपिडपट

वरच्या प्रतिसादाशी सहमत. पचनाच्या बाजूचं मी लिहिते.

पहिलं म्हणजे ‘पचन मंद’ हे शब्दच चुकीचे आहेत. निरोगी आतडं खाल्लेल्या स्निग्धांशापैकी ९५ टक्क्यांच्या आसपास शोषून घेतं, जनुकं कुठलीही असोत. शौच तेलकट, पाण्यावर तरंगणारं, धुतलं तरी चिकटून राहणारं होत असेल तर स्वादुपिंड आणि पित्ताची तपासणी करायची. एपीओ मंडळींचं काम शोषणानंतर, रक्तातल्या वाहतुकीत सुरू होतं.

चारांपैकी ग्रॅममध्ये बोलणारं एकच आहे, एपीओए२. २००९च्या अभ्यासात अमेरिकेतल्या तीन वेगवेगळ्या गटांत असं दिसलं की रोज २२ ग्रॅम किंवा अधिक संपृक्त मेद (सॅच्युरेटेड फॅट) खाणाऱ्या सी-सी लोकांचा बीएमआय बाकीच्यांपेक्षा ६.२ टक्के जास्त होता. २२च्या खाली हा फरक दिसत नव्हता. तेव्हा तूप ‘बंद’ करण्यापेक्षा बेरीज करा.

चहाचा एक चमचा तूप साधारण ५ ग्रॅम, त्यात संपृक्त ३. दोन चमचे म्हणजे ६. २० ग्रॅम शेंगदाणा तेलात ३.५ ते ४. आणि ६ टक्के स्निग्धांशाचं म्हशीचं दूध अर्धा लिटर? ३० ग्रॅम स्निग्धांश, त्यातलं संपृक्त १८-१९. बेरीज २८च्या घरात. आता तुपाला हात न लावता फक्त दूध ३ टक्क्यांचं घ्या, दुधाचा वाटा ९वर येतो आणि बेरीज १९. ‘तूप बंद’ म्हणणाऱ्या अहवालाने दूध, चक्का आणि पनीर यांच्याकडे पाहिलेलंच नसतं. ओलं खोबरंही यात धरा, १०० ग्रॅममध्ये संपृक्त मेद ३०च्या आसपास. कोकण-गोव्याच्या स्वयंपाकात आकडा तिथेच फुगतो.

एपीओई ई३-ई४ असेल तर संपृक्त मेदाने एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) सरासरीपेक्षा जास्त चढण्याकडे कल असतो. कल म्हणजे निकाल नव्हे. आधी लिपिड प्रोफाइल करा, मग एकच गोष्ट बदला, सहा आठवड्यांनी त्याच प्रयोगशाळेत पुन्हा रक्त द्या. दूध, तेल आणि चालणं एकदम बदललं तर कशाने काय झालं ते कळणार नाही. आणखी एक, ई४चा संबंध अल्झायमरच्या जोखमीशीही आहे. घरातल्या दुसऱ्या कुणाचा अहवाल उघडण्याआधी त्यांना हे माहीत करून घ्यायचं आहे का, ते विचारा.

एफटीओमध्ये ए-ए आणि टी-टी यांच्या वजनात सरासरी ३ किलोंचा फरक. रस्ता मुख्यतः भुकेचा, त्यामुळे कुठलं तेल हे तो सांगत नाही.

कच्ची फाइल स्वतः वाचणाऱ्यांसाठी: डीएनएचे धागे दोन आणि कंपनी कुठल्या धाग्यावरून वाचते त्यावर अक्षर ठरतं. एपीओए२ उलट्या धाग्यावर आहे, म्हणून अभ्यासातलं सी-सी फाइलमध्ये जी-जी दिसू शकतं. तिथे चूक निदान लक्षात तरी येते. एफटीओच्या या जागी पर्यायच ए आणि टी, आणि ते एकमेकांचे जोडीदार. धागा उलटला तर ए-ए चं टी-टी होतं आणि काही चुकलंय अशी शंकासुद्धा येत नाही. एपीओईला दोन जागा एकत्र वाचाव्या लागतात. आरएस४२९३५८ वर टी आणि आरएस७४१२ वर सी म्हणजे ई३, दोन्हीकडे सी म्हणजे ई४, दोन्हीकडे टी म्हणजे ई२. एकाच जागेवरून ई-काहीतरी सांगणारा अहवाल बाजूला ठेवा.

---

कूटकैरी

दुधाची बेरीज डोक्यातच आली नव्हती. तेल कुठलं हे मात्र अजून राहिलंय.

---

जवसचटणी

तेलाच्या प्रश्नाचं जनुक तुमच्या यादीत नाहीच. ते एफएडीएस१ आणि एफएडीएस२, गुणसूत्र ११ वर. विशेष म्हणजे यावरचा गाजलेला अभ्यास पुण्यातल्या नमुन्यांवर झालेला आहे. २०१६मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या कुमार कोठापल्ली आणि टॉम ब्रेना यांच्या गटाने २३४ मुख्यतः शाकाहारी भारतीय आणि ३११ अमेरिकी लोकांत डीएनएचा २२ अक्षरांचा एक तुकडा शोधला. दोन्ही प्रतींत तो तुकडा असलेले भारतीय ६८ टक्के, अमेरिकी १८ टक्के.

हा तुकडा असला की वनस्पतीतल्या छोट्या मेदाम्लांपासून लांब साखळीची मेदाम्लं बनवणारी यंत्रणा जोरात चालते. मासे-मांस नसलेल्या ताटाला ते सोयीचंच. अडचण अशी की ओमेगा-६ आणि ओमेगा-३ दोघांनाही तीच विकरं लागतात. गिरणी एक, रांगा दोन. लिनोलेइकची, म्हणजे ओमेगा-६ची, रांग लांबलचक असेल तर जोरात चालणारी गिरणी ॲराकिडोनिक आम्लच (लांब साखळीचं ओमेगा-६) जास्त दळते आणि ओमेगा-३ ताटकळतं.

आता तेलं बघा. जुन्या वाणांच्या करडईत लिनोलेइक ७५ टक्क्यांच्या आसपास, साध्या सूर्यफुलात ६०, शेंगदाण्यात ३०. ‘हाय ओलेइक’ लिहिलेली करडई आणि सूर्यफूल या हिशोबात धरू नका, त्यांचं गणित उलटं आहे, लिनोलेइक कमी. त्या अभ्यासात हृदयविकार मोजलेला नव्हता, म्हणून करडई वाईट असा फतवा त्यातून निघत नाही. लिनोलेइकने एलडीएल उतरतं हेही तितकंच खरं. पण वरण-फोडणीपासून तळणापर्यंत फक्त सूर्यफूल वापरणाऱ्या शाकाहारी घरात रोजचं तेल शेंगदाण्याचं करून जवस आणणं शहाणपणाचं.

१० ग्रॅम जवसात सव्वादोन ग्रॅमच्या आसपास अल्फा-लिनोलेनिक आम्ल (वनस्पतीतलं ओमेगा-३) मिळतं. अख्खे दाणे बरेचसे तसेच बाहेर पडतात, म्हणून दळायचे. मंद आचेवर तडतडेपर्यंतच भाजा, धूर दिसला तर फार झालं. दळलेली चटणी हवेने लवकर खवटते. एका वेळी दोन आठवड्यांपुरतीच करा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत फ्रीजमध्ये ठेवा. जवसाचं तेल कढईत नको. अल्फा-लिनोलेनिकपासून डीएचए (माशांतलं लांब साखळीचं ओमेगा-३) मात्र फारच थोडं बनतं, हे जनुक जोरात असलं तरी. जे बांगडा-तारली खातात त्यांनी चटणीच्या भरवशावर ते सोडू नयेत.

---

फ्रीजमधलीनळी

इतक्या बारकाईने लिहिल्यावर विरजण घालतोय, पण स्टॅनफर्डचा २०१८चा प्रयोग इथे यायलाच हवा. ६०९ प्रौढ, १२ महिने, अर्ध्यांना कमी स्निग्ध आहार, अर्ध्यांना कमी कर्बोदकं. वजन उतरलं ५.३ आणि ६ किलो. तीन जनुकांवरून ‘याला हा आहार मानवेल’ असं आधीच ठरवलेलं होतं, ते कुणालाच लागू पडलं नाही. ब्रिटनमधल्या जुळ्यांवरच्या २०२०च्या अभ्यासात जेवणानंतर चढणाऱ्या ट्रायग्लिसराइडमधल्या फरकापैकी जनुकांच्या वाट्याला १ टक्कासुद्धा आला नाही.

@लिपिडपट, एपीओए२चा २२ हा आकडाही लोकांना काय खाता ते विचारून केलेल्या निरीक्षणातून आलेला आहे. बेरीज उपयोगी आहेच, पण ती सी-सी नसलेल्यांनीही करावी.

जिथे एकच जनुक खरोखर ताट ठरवतं ते आजार दुर्मीळ, आणि त्यांचा पत्ता थुंकीआधी रक्तात लागतो. एलडीएल १९० किंवा वर, टाचेमागच्या कंडरेवर (टेंडनवर) गाठी, घरात कमी वयात हृदयविकार: कौटुंबिक कोलेस्टेरॉलवाढीचा संशय, आणि आई-वडील, भावंडं, मुलं सगळ्यांची तपासणी. ही वाढ साधारण २५० मागे एकात असते, म्हणजे वाटते तितकी दुर्मीळ नाही. तूप सोडून ती आटोक्यात येत नाही, औषध लागतं.

उपाशीपोटी ट्रायग्लिसराइड १०००च्या वर असेल तर एलपीएल (रक्तातलं ट्रायग्लिसराइड फोडणारं विकर) आणि त्याचे साथीदार पाहावे लागतात. अशा रक्ताची नळी रात्रभर फ्रीजमध्ये उभी ठेवली की वर साय धरते. सायीखालचं पाणी नितळ असेल तर आतड्यातून आलेले कायलोमायक्रॉन (स्निग्धांश वाहणारे कण) साचलेत, गढूळ असेल तर यकृताचा मालही अडकलाय. पहिल्या प्रकारात दिवसाचा सगळा स्निग्धांश १५-२० ग्रॅमवर आणावा लागतो, तेल, तूप, दूध, शेंगदाणे सगळं धरून, नाहीतर स्वादुपिंडाला सूज येते. ‘तूप बंद’ हा शेरा शोभतो तो इथे.

अहवालातला एलडीएल बहुधा मोजलेला नसून गणिताने काढलेला असतो: एकूण कोलेस्टेरॉल वजा एचडीएल वजा ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग. ट्रायग्लिसराइड ४००च्या पुढे गेलं की हे गणित मोडतं, तेव्हा थेट मोजलेला एलडीएल मागा.

---

जिभेचाउंबरठा

चार माणसांचा हिशोब राहिलाच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शिकेत २००० कॅलरींच्या ताटाला तेल-तूप मिळून दिवसाला २७ ग्रॅम धरलेत. चौघांचे महिन्याला ३२४० ग्रॅम. त्यातलं अर्धा किलो तूप वजा केलं तर तेल २७४० ग्रॅम उरतं, म्हणजे ९१० ग्रॅमच्या जवळजवळ तीन पिशव्या. महिन्याच्या पहिल्या तारखेला तीन पिशव्या बाजूला काढून ठेवा. विसाव्या दिवशी तिसरी फुटली तर जादा तेल बहुतेक तळणात गेलंय, आणि फरसाण-वेफर्समधून बाहेरचं आलेलं अजून मोजलेलंच नाही.