मोर्बेल्लीचं ‘ऐंशी चेंतेसिमींसाठी!’ : तुम्हाला काय दिसलं?

आंजेलो मोर्बेल्ली या इटालियन चित्रकाराने १८९५ साली पूर्ण केलेलं हे चित्र. वायव्य इटलीतल्या व्हेर्चेल्लीकडच्या भातशेतात बायका ओळीने वाकून तण काढताहेत, आपल्याकडे पाठ करून. तेव्हा इटलीत शंभर चेंतेसिमी म्हणजे एक लिरा होता. ऐंशी ही त्यांची दिवसाची मजुरी. चित्र प्रत्यक्ष पाहिलं असेल किंवा छापील, आपला अनुभव मोकळेपणी लिहा.

माणगावहून :
आमचं घर भातशेतीचं. माझी नजर आधी त्यांच्या कंबरेवर गेली. पाय पोटरीपर्यंत पाण्यात, घागरे वर खोचलेले. लावणीला आम्ही अशाच वाकतो, पण ही लावणी नव्हे, बेणणी आहे. तिकडे तेव्हा बी थेट पाण्यात फोकून पेरत, म्हणून उन्हाळ्याच्या तोंडाशी तण उपटायला बायका लागत. बेणणी जास्त जिवावर येते. लावणीत हातात आवणाची, म्हणजे भाताच्या रोपांची, मूठ असते, मागे हिरवी ओळ उभी राहताना दिसते. बेणताना रोप कुठलं, गवत कुठलं हे बघत बोटं चालवायची, आणि दिवसभर राबूनही खाचर होतं तसंच दिसतं. आमच्या डोक्यावर निदान पाऊस असतो. या बायांच्या पाठीवर ऊन आहे. चित्रकाराने तोंडं दाखवली नाहीत ते बरोबरच केलं; खाचरात आम्हालाही पुढचीची पाठच दिसते.

तोरिनोहून :
व्हेर्चेल्लीच्या बोर्गोन्या संग्रहालयात आईला घेऊन गेले होते. बराच वेळ बघून ती म्हणाली, “यांची पोरं कुणाकडे असतील गं?” बाहेरगावाहून आलेल्या बाया मोसमभर, साधारण चाळीस दिवस, मळ्यावरच राहत. डास, हिवताप, पहाटेपासून काम. याच भागात तण काढणाऱ्या बायांनी १९०६ मध्ये आठ तासांच्या दिवसासाठी संप केला होता, हे सांगितल्यावर आई परत चित्राकडे वळली.

कोल्हापूरहून :
मी चित्रकला शिकवतो. मोर्बेल्ली रंग पॅलेटवर कालवून लावत नाही. शुद्ध रंगांच्या बारीक रेघा शेजारीशेजारी ठेवतो, त्या लांबून एक होतात. म्हणून पाण्यातली प्रतिबिंबं अशी थरथरतात. एका विद्यार्थिनीने विचारलं, “एवढ्या कष्टांवर एवढा सुंदर उजेड कशाला?” मला तो हवाच वाटतो. शेतात ऊन असतंच, आणि तेच तर त्यांना भाजतंय. मिलानच्या वृद्धाश्रमातली एकाकी म्हातारी माणसंही त्याने वर्षानुवर्षं रंगवली. गरिबांकडे तो उगाच सहज वळलेला नाही.

गोंदियाहून :
आमच्याकडे रोवणीच्या दिवसांत मजुरीचा भाव आधी ठरतो, मगच बाया बांधीत, म्हणजे भातखाचरात, उतरतात. चित्राच्या नावातच मजुरी लिहिलेली मी पहिल्यांदा पाहिली. पुढचं ते उद्गारचिन्हही चित्रकाराचंच आहे, आणि मला ते रागाचं वाटतं.