गिरगावात आईसाठी मिक्सर हवाय: ॲप आणि ओटीपी न मागता समोर माल देणारं दुकान सुचवा

गिरगावची_लेक
नमस्कार मंडळी. आईचा जुना सुमीत मिक्सर अखेर बसला. दुरुस्तीवाल्याने त्याचे पार्ट आता मिळत नाहीत म्हणून हात वर केले. नवीन घ्यायचाय.

आईचं वय 74, गिरगावात एकटी राहते, मी बोरिवलीला. तिच्याकडे बटणांचा साधा फोन आहे आणि तिला तो पुरतो. बजेट 5,000, रोख. वापर म्हणाल तर सुकं खोबरं, लसणाची चटणी, गोडा मसाला थोडा थोडा, कधीतरी इडलीचं. बोटांना संधिवात आहे, म्हणून झाकण किती घट्ट बसतं, भांडं भरल्यावर एका हाताने उचलतं का, हे तिला स्वतः बघायचंय. फोटो बघून हे कळत नाही.

एका मोठ्या शोरूममध्ये गेलो. मिक्सर फळीवर ओळीने मांडलेले. तिने एक पसंत केला तर विक्रेता म्हणतो, हा डिस्प्लेचा पीस आहे, ॲपवरून ऑर्डर टाका, परवा घरी येईल. म्हटलं दोन पैसे जास्त घ्या पण आत्ता द्या. म्हणे स्टॉकच ठेवत नाही. दुसरीकडे माल होता, पण फळीवर लिहिलेली किंमत फक्त ॲपवाल्यांना. वर बिलासाठी मोबाइल नंबर आणि ओटीपी. आईने घरचा लँडलाइन सांगितला, तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला सिस्टीम घेत नाही. तिच्या साध्या फोनवर ओटीपी आला असता, पण तिला नंबर द्यायचा नव्हता. का द्यावा? मिक्सर घ्यायला आलेली बाई मिक्सर न घेता घरी आली. मला याचा अजून राग येतोय.

चर्नी रोड ते सीएसएमटी या पट्ट्यात कोणी भला दुकानदार माहीत आहे का?

मुलुंडचा_अनिकेत
एवढं टेन्शन का घेताय? तुम्ही बोरिवलीतून तुमच्या फोनवर ऑर्डर करा, पत्ता आईचा टाका. मी घरातलं सगळं असंच घेतो. आणि घ्यायचाच तर 1,000 वॉटचा घ्या, सोबत फूड प्रोसेसर येतो, कणीकपण मळतो. आमचा साडेबारा हजारांना पडला, बायको एकदम खूश.

गिरगावची_लेक
अनिकेत, बजेट 5,000 लिहिलंय. आणि आईला हाताळून घ्यायचाय.

सुगरण_चिंचपोकळी
ऑनलाइन अजिबात घेऊ नका. माझ्या जावेने मागवला, मधल्या भांड्याचं झाकण तडकलेलं आलं. तक्रार केली तर म्हणे खोका उघडतानाचा व्हिडिओ पाठवा. कोण काढतं मिक्सरचा व्हिडिओ? शेवटी झाकण वेगळं विकत आणावं लागलं. दुकानात समोर खोका फोडून बघता येतो, त्याला पर्याय नाही.

मसाल्यासाठी 750 वॉटच्या खाली जाऊ नका. मी लालबागला मिरची-मसाला डंकावर कुटून आणते, पण रोजच्या वाटणाला 750 लागतोच.

लोहारचाळ_रोजचा
ताई, घराजवळ सोनं आणि तुम्ही शोरूम हिंडताय. सरळ लोहार चाळीत जा. क्रॉफर्ड मार्केटच्या मागच्या गल्ल्या, अख्खी मुंबई विजेचं सामान तिथून नेते. माझं रोजचं जाणं आहे. तिथे कोणी नंबर विचारत नाही, रोख दिली तर उलट भाव कमी होतो. दोन-तीन दुकानांत विचारा, एमआरपी कोणी घेत नाही. दुपारच्या आत जा, नंतर हातगाड्या आणि हमालांमुळे आईला चालणं अवघड जाईल. रविवारी बहुतेक बंद असतं.

एकच गोष्ट: पक्कं बिल मागा. काही जण बिलाशिवायचा भाव सांगतात, त्या भानगडीत पडू नका, वॉरंटीला त्रास होतो.

नाना_दादर
लोहार चाळ ठीक, पण 74 वर्षांच्या बाईंना त्या गर्दीत नेणं मला पटत नाही.

मूळ प्रश्नाबद्दल बोलतो. मे 2023 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने विक्रेत्यांना स्पष्ट सांगितलंय की बिलासाठी ग्राहकाच्या मोबाइल नंबरची सक्ती करू नये. नंबर दिल्याशिवाय विक्रीच होत नसेल तर ती अनुचित व्यापार प्रथा ठरते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीसुद्धा अनुचित प्रथा आहे. जीएसटीच्या नियमांनी साध्या ग्राहकाला पन्नास हजारांच्या आतल्या खरेदीत बिलावर नाव-पत्ता लिहिणं बंधनकारक नाही, मोबाइल नंबर तर दूरच. तेव्हा सिस्टीम घेत नाही हे उत्तर ऐकून घ्यायचं नाही. मॅनेजरला बोलवा आणि शांतपणे एवढंच म्हणा: नंबर देणार नाही, बिल करा. मी दर वेळी असंच करतो, दर वेळी बिल होतं. त्यांच्याकडे बिल काढायची दुसरी वाट असतेच, मुलांना शिकवलेली नसते. नाही ऐकलं तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, साध्या फोनवरून लागते, मराठीतही बोलता येतं.

घाटकोपर_ईस्ट
नाना, कागदावर सगळं बरोबर, पण काउंटरवरच्या पोराचा काय दोष? माझा भाचा अशाच दुकानात आहे. दिवसाला किती जणांना ॲप घ्यायला लावलं याचा हिशोब संध्याकाळी मॅनेजर घेतो. कमी पडलं की भाचा बोलणी खातो. पोरांवर चिडू नका.

नाना_दादर
पोरावर चिडायला कुठे सांगितलंय? मॅनेजरला बोलवा म्हटलंय.

पार्ले_पूर्व_७६
मला तर वाटतं सरकारनेच आता रोख बंद केली आहे दुकानांत. आमच्याकडे एका कॅफेत पाटीच आहे, फक्त यूपीआय.

नाना_दादर
रोख बंद केलेली नाही. 2017 पासून एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, एवढंच. पाच हजारांच्या मिक्सरचा त्याच्याशी काही संबंध नाही.

मुलुंडचा_अनिकेत
पण यूपीआय सोपं आहे ना. भाजीवाल्या मावशीपण घेतात. आईंना शिकवा, आठवडाभरात येईल.

ठाण्याची_मावशी
अनिकेत, भाजीवाली मावशी यूपीआय घेते आणि रोखही घेते, हाच तर फरक आहे. ती कोथिंबिरीची जुडी देताना तुझा नंबर मागत नाही. माझ्या यजमानांना सगळं शिकवलं होतं, मग एक खोटा फोन आला आणि खात्यातले पैसे गेले. त्या दिवसापासून आमच्या घरी ओटीपी हा शब्द काढला तरी ते उठून आत जातात. ज्यांना नको आहे त्यांना का ढकलायचं? गिरगावची_लेक, तुमच्या आईंचं अगदी बरोबर आहे.

आणि हो, 750 वॉटच घ्या. आमचा आहे, दणकट आहे.

ग्राहकसंघ_बोरिवली
आम्ही कित्येक वर्षं मुंबई ग्राहक पंचायतीचे सभासद आहोत. 1975 पासूनची संस्था. शेजारच्या घरांचा मिळून संघ, महिन्याची यादी भरून द्यायची, सामान एकत्र येतं आणि आपणच वाटून घ्यायचं. दुकान नाही, जाहिरात नाही, सवलतीच्या पाट्या नाहीत. डाळ-तांदूळ-रवा बघून घ्या एकदा. सुपरमार्केटची पायरी चढायची गरज नाही. प्रत्येकाने सभासद व्हावं.

सुगरण_चिंचपोकळी
छानच आहे हो, पण त्यांना मिक्सर हवाय.

ग्राहकसंघ_बोरिवली
मिक्सरचं नाही सांगितलं, एकूण पद्धत सांगितली. धाग्याचा विषय दुकानांची ॲपसक्ती आहे असं मी वाचलं.

वायंडिंगवाला_परळ
मी मिक्सरच्या मोटर दुरुस्तीच्या धंद्यात आहे म्हणून लिहितो. वॉटच्या मागे धावू नका. दोन माणसांच्या सुक्या वाटणाला 500 वॉट चांगल्या कंपनीचा असेल तर पुरतो. मोटर जळते ती वॉट कमी म्हणून नाही, लोक सलग चालवतात म्हणून. मसाला थोडा थोडा, मध्ये थांबून फिरवायचा. बंद पडला तर आधी खाली तळाला लाल बटण असतं ते दाबायचं. जास्त भार आला की ते बाहेर येतं आणि मशीन थांबतं. अर्धे लोक तेवढ्यासाठी माझ्याकडे येतात.

दुकानात बघायच्या गोष्टी: आयएसआय चिन्ह, त्याच्याजवळ आयएस 4250 लिहिलेलं असतं. भांडं बसवून हलवून बघा, खडखड जास्त नको. भांड्याखालचा कपलर, म्हणजे भांडं मोटरला जोडणारा तुकडा, बाजारात सुटा मिळतो का ते विचारा, झिजतो तो आधी. चटणीच्या छोट्या भांड्याला हँडल आहे का बघा, बऱ्याच कंपन्या देत नाहीत. संधिवात असेल तर त्याच भांड्याचा त्रास जास्त. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख तिथेच घ्या. कंपनी ॲपवर नोंदणी करा म्हणते, पण बिल आणि शिक्का असला की आमच्या ओळखीच्या सर्व्हिस सेंटरवाल्यांनी कधी अडवलेलं नाही. बिल त्या गुळगुळीत कागदावर असेल तर लगेच झेरॉक्स काढा, वर्षभरात अक्षरं उडतात.

लोहारचाळ_रोजचा
500 वॉट म्हणजे पैसे पाण्यात. दोनशे-तीनशे रुपयांच्या फरकात 750 मिळतो लोहार चाळीत. दादा, तुमचं वायंडिंगचं दुकान चालावं म्हणून सांगताय का?

वायंडिंगवाला_परळ
तसं असतं तर जास्त वॉटचा जड मिक्सर घ्या म्हटलं असतं आणि लाल बटणाचं सांगितलंच नसतं. 750 ची भांडी वजनाला जास्त असतात. बोटं दुखणाऱ्या बाईला ते रोज उचलायचंय.

पार्ले_पूर्व_७६
आमच्याकडे अजून पाटा-वरवंटा आहे. चव त्याचीच.

मरीनलाइन्स_मेट्रो
लोहार चाळीला जायचं असेल तर टॅक्सी करू नका. मेट्रो 3 आता आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू आहे, ऑक्टोबर 2025 पासून. गिरगावला बसायचं, पुढचं काळबादेवी, त्याच्या पुढचं सीएसएमटी, तिथून क्रॉफर्ड मार्केट जवळ. लिफ्ट आहे. तिकीट खिडकीवर रोख देऊन कागदाचं मिळतं, ॲप लागत नाही.

घाटकोपर_ईस्ट
पण भुयारात फोनची रेंज गेली तर ॲपच्या तिकिटाचं काय करायचं?

मरीनलाइन्स_मेट्रो
म्हणूनच कागदाचं म्हटलं ना.

मुलुंडचा_अनिकेत
ताई, एक मधला मार्ग. दुकानात जाऊन आईंना हाताळू द्या, मॉडेल नंबर लिहून घ्या आणि घरी येऊन स्वस्तात ऑनलाइन मागवा. सगळेच करतात.

ठाण्याची_मावशी
असंच सगळ्यांनी केलं म्हणून तर दुकानदारांनी माल ठेवणं बंद केलं. जो उभा राहून दाखवतो त्याच्याकडून घ्यावं.

गिरगावची_लेक
सगळ्यांचे आभार. मिक्सर घेतला. कसा ते सांगते.

लोहार चाळीला जायचं ठरलं होतं, पण आईने नकार दिला. म्हणाली ठाकूरद्वारला आपलं भांड्यांचं दुकान आहे, तिथे आधी विचारू. छोटं दुकान, मिक्सर चारच. मालकांनी चारही खाली काढले. आईने प्रत्येकाचं झाकण लावून काढून पाहिलं, भांड्यात पाणी भरून उचललं. वायंडिंगवाले दादा, तुम्ही सांगितलेलं छोट्या भांड्याचं हँडल पहिल्या दोघांना नव्हतं, म्हणून ते बाद. तिसऱ्याचं झाकण तिला दोन्ही हातांनीही निघेना. चौथा घेतला: 500 वॉट, तीन भांडी, तिन्हींना हँडल. मालकांनी घरातून सुक्या खोबऱ्याची वाटी मागवून तिच्यासमोर फिरवून दाखवली. रोख 3,800. हातानं लिहिलेलं पक्कं बिल, कार्डावर शिक्का, नंबर विचारला नाही.

तोच मिक्सर ॲपवर 3,100 ला दिसतोय, मी पाहिलं. सातशे जास्त गेले आणि मला ते गेल्याचं काही वाटत नाही. ज्याने माझ्या आईला ग्राहकासारखं वागवलं त्याला ते मिळाले.

दुसऱ्या शोरूमबद्दल 1915 वर तक्रार नोंदवली आहे. फोन आईनेच केला, तिच्या फोनवरून. नाना, तुम्ही दिलेली मे 2023 ची माहिती तिने कागदावर लिहून घेतली होती.

लोहारचाळ_रोजचा
3,800 ला 500 वॉट? आमच्याकडे 3,000 च्या आत सोडला असता. एकदा विचारायचं तरी.

सुगरण_चिंचपोकळी
मसाल्याच्या दिवसांत कळेल. 750 सांगितलं होतं.

वायंडिंगवाला_परळ
काही होत नाही. थांबून फिरवायला सांगा. आणि जास्तीचा कपलर एक आत्ताच आणून ठेवा.

गिरगावची_लेक
आणते. तो रोखीत कुठे मिळेल?

लोहारचाळ_रोजचा
लोहार चाळीत.