मदत हवी आहे: लेक दिवसभर 'खोटं खोटं' खेळते, आवर घालावा का?

मुलगी साडेचार वर्षांची आहे. सकाळी डॉक्टर, दुपारी बस ड्रायव्हर, संध्याकाळी कुत्र्याचं पिल्लू. स्वतःच्या नावानं हाक मारली तर ओ देत नाही. आज माझ्या काखेत लाकडी पट्टी खुपसून ताप मोजला आणि मला झोपवून ठेवलं. उठायला लागले तर ओरडली, "आजारी माणसं चालत नाहीत!" मला खरंच उशीर होत होता हो.

इथवर मजाच होती. पण बालवाडीच्या बाईंनी बोलावून सांगितलं की ही लिहायला बसत नाही, सतत आपल्याच जगात असते, घरी हे खेळ कमी करा. त्यात महिनाभरापासून 'मोगू' आलाय. तो फक्त तिलाच दिसतो. जेवताना त्याची खुर्ची रिकामी ठेवायची. काल नवरा चुकून त्या खुर्चीवर बसला आणि अर्धा तास रडारड.

थोडं वाचलं, तर गोंधळ वाढलाच. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की १९३३ च्या व्याख्यानात म्हणतात की खेळात मूल स्वतःपेक्षा डोकंभर उंच असतं. आणि २०१३ मध्ये मानसशास्त्रज्ञ अँजेलिन लिलार्ड व सहकाऱ्यांनी आधीचे अभ्यास चाळून म्हटलं की अशा खेळामुळेच विकास होतो याला भक्कम पुरावा नाही. माँटेसरीबाईंचाही भर खऱ्याखुऱ्या कामांवर होता. मग बालवाडीच्या बाईंचं बरोबर का? आणि मोगूचं काय करू?

निळीशाई:
मी स्वतः बालवाडीत शिकवते. आधी लिलार्ड यांच्याबद्दल. 'फायदा नाही' आणि 'फायदा सिद्ध झालेला नाही' यात फरक आहे. असं खेळणारी मुलं अनेकदा बोलण्यात पुढे दिसतात, पण खेळामुळे भाषा आली की भाषा आहे म्हणून खेळ रंगतो, हा गुंता सुटलेला नाही, एवढंच. त्यावरून खेळ बंद करा असं कुठे निघतं?

आता तुमची पट्टी बघा. पट्टी ही पट्टी आहे हे तिला पक्कं ठाऊक आहे, तरी ती थर्मामीटर म्हणून वापरतेय. एक वस्तू दुसरीच्या जागी उभी करायची. अक्षरातही तेच आहे, कागदावरची रेघ आवाजाच्या जागी उभी असते. आणि 'आजारी माणसं चालत नाहीत' हा तर नियमच झाला, तोही तिनंच घातलेला. खेळात मूल मनाला येईल ते करतं हा मोठ्यांचा गैरसमज. १९४० च्या दशकात सोव्हिएत संशोधक मानुइलेंको यांनी मुलांना न हलता उभं राहायला सांगितलं. नुसतं सांगितलं तेव्हापेक्षा 'तू पहारेकरी आहेस' म्हटल्यावर ती कितीतरी जास्त वेळ उभी राहिली.

तुमच्या छोट्या डॉक्टरीणबाईंकडून औषधाची चिठ्ठी लिहून मागा. काहीही गिरगटू दे. फक्त तिथे अक्षर सुधारायला जाऊ नका, नाहीतर खेळ संपला आणि शाळा सुरू झाली. (हे मी स्वतः करून फसलेय.)

रिकामाझोपाळा:
मोगूची काळजी नको. मानसशास्त्रज्ञ मार्जोरी टेलर आणि सहकाऱ्यांच्या २००४ च्या अभ्यासात सुमारे ६५ टक्के मुलांना सात वर्षांचं होईपर्यंत कधी ना कधी काल्पनिक सोबती होता. तो मुलीला घाबरवत असेल, किंवा त्याच्यापायी ती खऱ्या मुलांशी खेळणंच टाळत असेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांशी बोला. मूल दोन वर्षांचं होऊन गेलं तरी असं काहीच खेळत नसेल, तर तेव्हाही दाखवलेलं बरं. तुमच्याकडे तर उलटंच आहे.

मूळ प्रश्नकर्ती:
दोघांचेही आभार. काल चिठ्ठी मागितली. वीस मिनिटं टेबलावरून हलली नाही! तीन उलटे 'म', एक गोल आणि खाली भलीमोठी सही. औषध दिवसातून नऊ वेळा.

मग धीर करून मोगूबद्दल विचारलं. माझ्याकडे जरा दयेनं बघत म्हणाली, "आई, तो खरा नाहीये गं." मी सुटकेचा श्वास टाकून खुर्ची ओढली, तर लगेच, "पण त्याच्यावर बसू नकोस!"

आता एकच राहिलं. शुक्रवारी बाईंना भेटायचंय. त्यांना न दुखावता हे कसं सांगू? चिठ्ठी सोबत नेऊ का?