सहीचा कागद म्हणजे संमती नव्हे

अनेकांना वाटतं की रुग्णाला दाखल करतानाच कोऱ्या संमतीपत्रावर सही घेतली की रुग्णालय जबाबदारीतून सुटलं. हा समज फार धोकादायक आहे. 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की फक्त दुर्बिणीतून तपासणी करण्यासाठी दिलेल्या संमतीवर गर्भाशय काढता येत नाही. जीव वाचवण्याची निकड असेल तरच अपवाद. त्यामुळे संमतीपत्रावर नेमक्या शस्त्रक्रियेचं नाव, बाजू (डावी की उजवी), धोके, इतर पर्याय आणि सहीची वेळ हवी, तेही रुग्णाला कळणाऱ्या भाषेत. भूल देण्याची संमती वेगळी घ्यावी.

खरी गडबड केसपेपरवर होते. रात्री दोन वाजता रक्तदाब घसरला, सिस्टरने डॉक्टरांना फोन केला, पण फोनची वेळ लिहिली नाही. मग तो फोन झाला होता हे सिद्ध कसं करणार? चूक लिहिली गेली तर एकच आडवी रेघ, शेजारी सही, तारीख, वेळ. व्हाइटनर लावलेलं पान पाहिलं की बाकीच्या खऱ्या नोंदींवरही संशय येतो. रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या नातेवाइकाने कागद मागितले तर 72 तासांत द्यावे लागतात. टाळाटाळीनेच कितीतरी तक्रारी ग्राहक आयोगापर्यंत जातात.

आणखी एक: उपचारातल्या चुकीच्या भरपाईसाठी डॉक्टरांनी काढलेल्या वैयक्तिक विम्यात रुग्णालयाची जबाबदारी आपोआप येत नाही. परिचारिकेने चुकीचं इंजेक्शन दिलं तर भरपाई रुग्णालयावर येते. संस्थेची पॉलिसी वेगळी घ्या, नूतनीकरणात खंड पडू देऊ नका.