पॅरानॉर्मल रोमान्सला मराठीत काय म्हणावं?

पानवेडी:
गेले काही महिने माझं वाचन एकाच वळणावर गेलंय. रोमान्स, आणि त्यातही जोडीतला एकजण धड माणूस नाही असा. कधी व्हॅम्पायर, कधी पौर्णिमेला लांडगा होणारा, कधी शंभर वर्षांपूर्वीच मेलेला. त्यांच्याबद्दल मराठीत लिहायला बसले आणि पहिल्याच वाक्यात अडले. या प्रकाराला म्हणायचं काय? 'अतींद्रिय प्रणयकादंबरी' लिहून खोडलं, प्रश्नपत्रिकेतल्या 'टीपा लिहा'सारखं वाटलं. 'भुताखेतांची प्रेमकहाणी' लिहावं तर पुस्तक विनोदी असेल असा समज होतो.

शब्द सुचवणाऱ्यांना नेमका माल कळावा म्हणून सांगते. सगळ्यात आवडली ती एका जुन्या घराची गोष्ट. घर रिकामं करायला आलेली बाई आणि तिथेच राहिलेला मृत मालक. भुतांच्या गोष्टीत माझा नेहमीचा वैताग असा की भूत भिंतीतून आरपार जातं, पण जिन्यावरून मात्र खाली पडत नाही. इथे लेखिकेने नियम आखलाय आणि शेवटपर्यंत पाळलाय: जिवंतपणी त्याच्या वापरात असलेल्या वस्तूंनाच त्याचा हात लागतो. मग एका थंडीच्या रात्री ती त्याचा जुना ओव्हरकोट अंगावर घेते. तो कोटाची बाही धरू शकतो, बाहीतला हात नाही. दीड पानाचा प्रसंग आहे, त्यात एकही मिठी नाही, आणि बाकीच्या पुस्तकांतल्या सगळ्या मिठ्या त्यापुढे फिक्या.

व्हॅम्पायरवालं पुस्तक मात्र कसंबसं संपवलं. नायक तीनशे वर्षांचा. तीनशे वर्षांत माणूस निदान बोलायला तरी शिकेल! हा नुसता दारात उभा राहून जबडा आवळतो. लांडग्यांच्या कादंबरीत नायकाला नायिकेचा वास येतो आणि 'हीच ती' हे त्याला विसाव्या पानावर कळतं. नियतीनेच जोडी जुळवून टाकल्यावर उरलेली साडेतीनशे पानं कशासाठी, हे मला शेवटपर्यंत समजलं नाही.

तर या सगळ्यांना मिळून एक शब्द हवाय. शिवाय व्हॅम्पायर, वेअरवुल्फ, शेपशिफ्टर (हवं ते रूप घेणारा) यांचंही बघा.

जुना कोश:
'अतींद्रिय' खोडलंत ते बरं केलंत. इंद्रियांच्या पलीकडचं ते अतींद्रिय. दूरचं दिसणं, दुसऱ्याच्या मनातलं कळणं यासाठी तो शब्द ठीक. तुमच्या पुस्तकांत तर सगळा कारभार इंद्रियांचाच दिसतो. थंड कातडी, रक्ताचा वास, मानेवरचा श्वास.

इतर शब्दांची गोची वेगळी आहे. ते चांगले होते, पण वापरून दुसरीकडे गेले. 'अलौकिक' आता कौतुकापुरता उरला, अलौकिक प्रतिभा वगैरे. 'अमानुष' म्हटलं की पुढे 'अत्याचार' किंवा 'मारहाण' येणारच. 'पारलौकिक' कीर्तनात गेला. 'गूढ' चालला असता, पण गूढकथेत शेवटपर्यंत काहीतरी उलगडायचं बाकी ठेवतात. तुमचा नायक व्हॅम्पायर आहे हे मुखपृष्ठावरच कळतं, त्यात गूढ ते काय?

माझं मत 'अद्भुतरम्य'ला. हा मी बनवलेला नाही. मराठी कादंबरीच्या अगदी सुरुवातीच्या काळातल्या 'मुक्तामाला' (1861) आणि तिच्या वळणावर गेलेल्या कादंबऱ्यांना समीक्षक हाच शब्द लावत आलेत. त्यांत योगायोग, संकटं, ताटातूट, पुनर्भेट, सगळं होतं. इंग्रजीत 'रोमान्स'चा जुना अर्थही तोच: नवलाच्या, रोज न घडणाऱ्या घटनांची गोष्ट. त्यात प्रेम असे, पण प्रेम म्हणजेच रोमान्स हे समीकरण पुढचं. म्हणजे पॅरानॉर्मल रोमान्स हा त्या शब्दाचा नवा फाटा नसून जुन्या घरी परतणं आहे.

अर्धविराम:
कोशकार, अजून मागे जा. 'कादंबरी' हा शब्दच कुठून आला? सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या नायिकेचं नाव ते. त्या गोष्टीत काय आहे? शाप, पुनर्जन्म, माणसाचा पोपट झालेला, चंद्र स्वतः माणूस होऊन जन्मलेला. नायक चंद्रापीड मरतो, पण त्याचा देह कुजत नाही आणि कादंबरी त्या देहाची राखण करत बसते. पुढे तिच्याच मिठीने तो जिवंत होतो. बाण हे पुरं करण्याआधी गेला, उत्तरार्ध त्याच्या मुलाने लिहिला. यात पॅरानॉर्मल रोमान्सला लागणारं काय कमी आहे? आपण ज्या शब्दाने तमाम वास्तववादी पुस्तकांना हाक मारतो, तो मुळात याच दुकानातून उचललेला आहे.

निशाचर:
हे सगळं छान, पण 'अद्भुतरम्य' वाचून आजच्या कुणाला व्हॅम्पायर आठवणार नाही. परीकथा आठवेल. सरळ 'पॅरानॉर्मल रोमान्स' देवनागरीत लिहा आणि पुढे चला. वाचणारे हेच म्हणतात.

जुना कोश:
असं प्रत्येक नव्या प्रकाराच्या वेळी म्हटलं गेलंय. काशीनाथ बापूजी मराठे यांनी 1872 साली निबंध लिहिला त्याचं नाव 'नावल व नाटक ह्यांविषयी निबंध'. 'नॉव्हेल'ला तेव्हा मराठीत 'नावल' असंच लिहिलं जाई. आज 'नावल' कोण म्हणतं?

निशाचर:
बरं, मोठ्या नावाचं तुम्ही दोघं बघा. मी प्राण्यांकडे वळतो.

व्हॅम्पायरला कृपा करून 'वेताळ' म्हणू नका. हा घोळ जुना आहे. रिचर्ड बर्टन या इंग्रज लेखकाने 1870 मध्ये वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत नेताना शीर्षकातच वेताळाचा व्हॅम्पायर केला. साम्य इतकंच की दोघांचाही प्रेताशी संबंध. पण वेताळ दुसऱ्याच्या प्रेतात शिरतो, झाडाला लटकतो आणि कोडी घालतो. व्हॅम्पायर स्वतःच्याच देहात राहतो आणि रक्त पितो. शिवाय जॉन पोलिडोरी या इंग्रजी लेखकाच्या 1819 च्या व्हॅम्पायरकथेपासून इंग्रजी व्हॅम्पायर हा उमराव झाला: उंची कपडे, मेजवान्यांत वावर. वेताळाला कोणी मेजवानीला बोलावल्याचं ऐकिवात नाही. 'रक्तपिपासू' म्हणावं तर ते विशेषण हुकूमशहांनी नेलं. 'रक्तपिशाच' अर्थाने बरोबर, पण त्याच्या प्रेमात पडणारी मुलगी डोळ्यासमोर येत नाही. व्हॅम्पायरच ठेवा.

वेअरवुल्फमधला 'वेअर' म्हणजे जुन्या इंग्रजीत पुरुष, माणूस. त्यामुळे 'नरलांडगा' अगदी शब्दाला शब्द बसतो, आणि नरसिंहाची सवय असल्यामुळे कानाला खटकतही नाही. शेपशिफ्टरला 'इच्छाधारी' तयार आहेच. सिनेमांनी तो नागिणीला बांधून टाकला, पण इच्छाधारी लांडगा म्हटलं तर कोणालाही कळेल.

अर्धविराम:
'इच्छाधारी' नको वाटला तर 'कामरूपी'. मेघदूतात यक्ष मेघाला 'कामरूप' म्हणतो, हवं ते रूप घेणारा. फक्त आजच्या वाचकाला त्यातला 'काम' आधी दिसेल. तुमच्या काही पुस्तकांना तेही चालेल.

मला बोलायचंय ते 'प्रणय'बद्दल. संस्कृतात हा लोभस शब्द आहे. त्यात जिव्हाळा येतो, लाडिक हक्कही येतो. मराठीत तो हळूहळू दिव्याच्या बटणापाशी जाऊन थांबला. 'प्रणयप्रसंग' म्हटलं की वाचकाला काय अपेक्षित असतं हे आपण सगळे जाणतो. त्यामुळे ओव्हरकोटाच्या गोष्टीला प्रणयकादंबरी म्हटलंत तर वाचक फसवणुकीची तक्रार करेल. आणि अनुवादात 'त्यांनी प्रणय केला' असं वाक्य आलं की मी पुस्तक मिटते. प्रणय ही करायची गोष्ट आहे का? प्रणय रंगतो, फुलतो. तो 'केला' म्हटलं की गृहपाठ वाटतो.

पानवेडी:
दिव्याचं बटण! हे मी वापरणार.

याच अंगाने आणखी एक. 'स्लो बर्न'ला काय? शेवटच्या पन्नास पानांपर्यंत दोघं एकमेकांना स्पर्शही करत नाहीत, आणि वाचणाऱ्याचा जीव टांगणीला. 'मंद आच' लिहिलं तर पाककृती वाटते.

अर्धविराम:
विप्रलंभ. शृंगाररसाचे दोन भाग: संभोग म्हणजे मिलन आणि विप्रलंभ म्हणजे ताटातूट. विप्रलंभात प्रेम आहे पण भेट नाही, आणि जुन्यांच्या मते शृंगाराची खरी गोडी तिथेच. मेघदूत म्हणजे वर्षभराच्या शापाचा विप्रलंभच. तुमचं कोटाचं भूत त्यावर कडी करतं: दोघं एकाच खोलीत आणि तरी विरह. लेखात हा शब्द बेधडक वापरा. एकदा अर्थ सांगितला की वाचक धरून ठेवतो.

जुना कोश:
रसांचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट नोंदवतो. साहित्यदर्पण या संस्कृत साहित्यशास्त्राच्या ग्रंथात कोणता रस कोणाचा विरोधी याची यादी आहे. शृंगाराचे विरोधी म्हणून करुण, बीभत्स, रौद्र, वीर आणि भयानक सांगितलेत. म्हणजे भीती आणि शृंगार एकत्र नांदायचे नाहीत. त्या यादीत अद्भुत मात्र नाही. नवल वाटणं आणि प्रेमात पडणं यांचं जमतं.

पानवेडी, तुमची तीन पुस्तकं याच्यावर घासून बघा. कोटवाल्या भुताची नायिकेला भीती वाटते का? माझा अंदाज, फार तर पहिल्या प्रकरणात. नंतर उरतं ते नवल. म्हणून ते पुस्तक जमलं. व्हॅम्पायरवालं पुस्तक तुम्हाला घाबरवतही होतं आणि लाडातही येत होतं, म्हणून दोन्ही फसलं. माझा 'अद्भुतरम्य'चा हट्ट नुसता जुन्यासाठी नाही. प्रकाराचं मर्म त्या शब्दात आहे.

पानवेडी:
घाबरते ती, पण आधीच्या पानांतच. तुमचा अंदाज बरोबर. तरी रस म्हणून नाही पटलं. व्हॅम्पायर वाचणाऱ्यांना ती भीतीच हवी असते. 'हा मला मारू शकतो आणि मारत नाहीये' यातच त्यांची सगळी मजा. मला ती रुचत नाही हा माझा प्रश्न, पण ती मजा आहे, आणि तुमच्या यादीत तिला जागा नाही.

माजघर:
तुम्ही सगळे पोथ्या उघडून बसलात आणि बोलण्यातले शब्द विसरलात. मुली, 'झपाटणं' घे ना. भूत झपाटतं आणि प्रेमही झपाटतं. 'लागीर' ही मुळात भूतबाधाच, पण प्रेमात पडलेल्यालाही लागीर झालं म्हणतात. भुरळ, मोहिनी, पछाडणं, मंतरणं, भारणं, वेड लावणं, यातला एक तरी शब्द असा दाखव जो मांत्रिकाच्या आणि प्रियकराच्या दोघांच्याही तोंडी बसत नाही. भूल तर तिसरीकडेही गेली, डॉक्टर देतात.

आणि 'समंध' बघ. इच्छा मागे राहिल्यामुळे घराला, माणसांना चिकटून बसलेलं भूत. तो शब्द म्हणजे 'संबंध'च, बोलीत घासलेला. प्रेमसंबंधातला संबंध आणि वाड्यातला समंध एकच. तुझा ओव्हरकोटवाला अस्सल समंध आहे, त्याला नुसतं 'भूत' म्हणून वाया घालवू नकोस.

मराठीत यासाठी नवा शब्द घडवायची गरजच नाही. 'त्याचं बाहेर काहीतरी आहे' आणि 'त्याला बाहेरचं काहीतरी आहे', या दोन वाक्यांत लफडं कोणतं आणि बाधा कोणती हे नुसत्या विभक्तीवरून कळतं आपल्याला.

निशाचर:
माजघर, साष्टांग. माझा पॅरानॉर्मल मी मागे घेतो.

जुना कोश:
'समंध' बरोबर आहे. 'ब्रह्मसमंध' आणि 'ब्रह्मसंबंध' अशी दोन्ही रूपं लिखाणात सापडतात. याच रांगेत 'जखीण'ही घ्या, ती 'यक्षिणी'वरून आली. संस्कृतात देखणी, मराठीत येईपर्यंत घाबरवणारी. म्हणजे मेघदूतातल्या यक्षाची बायको, व्युत्पत्तीने, जखीण. 'झपाटलेल्या प्रेमकथा' याला माझी हरकत नाही, पण कंसात 'अद्भुतरम्य' लिहाल का?

पानवेडी:
कंसात नाही, लेखात लिहीन, मुक्तामालेसकट. मथळा 'झपाटलेल्या प्रेमकथा' पक्का. घरातल्या भुताला समंध, लांडग्याला नरलांडगा, व्हॅम्पायर तसाच, स्लो बर्नला विप्रलंभ.

शेवटचं एक. लेखात त्या व्हॅम्पायरच्या कादंबरीतला थोडा संवाद माझ्या शब्दांत द्यायचाय. इंग्रजीत दोघंही एकमेकांना 'यू'. मराठीत तिने त्याला काय म्हणायचं? ती एकोणीसची, तो तीनशेचा, दिसायला पंचविशीचा. 'अहो' म्हटलं तर लग्न झाल्यासारखं वाटतं, 'अरे' म्हटलं तर वर्गमित्र.

अर्धविराम:
वय तिला कधी कळतं? ते कळेपर्यंत 'तू', कारण तिच्या दृष्टीने तो पंचविशीचाच. ज्या पानावर कळतं त्या पानावर तिच्या तोंडून आपोआप 'तुम्ही' निघू दे. तो दुखावेल. मग पुन्हा 'तू'वर यायला तिला किती प्रकरणं लावायची ते तू ठरव. इंग्रजी लेखकाला हे करताच येत नाही, त्याला जबडे आवळावे लागतात.

माजघर:
आणि तो तिला पहिल्यापासून 'अगं' म्हणेल. तीनशे वर्षं जुना पुरुष आहे, त्याला काय विचारायचं!